थाळीचे तीन टोले

डोरिंगनेकच्या नेमबाजी क्लबाचे नियम एकूण एकवीस. त्यातले वीस कुणाच्याच लक्षात नसत, सातवा मात्र लहान पोरंसुद्धा झोपेत म्हणून दाखवत. ‘रायफलीचा आवाज दाबणारं कोणतंही साधन नळीच्या तोंडावर बसवून स्पर्धेत उतरता येणार नाही.’ हा नियम लिहिला होता वेसल ब्रिट्सने. वय एकोणसत्तर, मेंढ्या अडीच हजार, चर्चच्या पंचमंडळाचा ज्येष्ठ पंच. दर एप्रिलात स्पर्धेच्या सकाळी तो टेबल मांडून बसे आणि एकेक रायफल तपासे. तपासणी म्हणजे काय, तर नळीच्या टोकावरून करंगळी फिरवायची, भुवया उंचावायच्या, ‘हं’ म्हणायचं आणि मग ‘पास’.

गंमत अशी की त्याच माळावर उभ्या असलेल्या प्रत्येक पिकअपमध्ये सीटमागे सायलेन्सर पडलेला असे. मेंढ्यांच्या मुलखात कोल्हे मारायचे तर तो लागतोच, नाहीतर एक पडतो आणि चार पळतात. सरकारची त्याला हरकत नाही, दुकानात तो काउंटरवर मिळतो. हरकत होती ती एकट्या वेसलची, आणि त्याच्या स्वतःच्या घरी दोन होते.

कुणी विचारलंच तर तो म्हणे, “कोल्ह्याशी कसंही वागा. स्पर्धेत रायफलीने मोठ्याने बोललं पाहिजे. तोंडावर हात ठेवून बोलतो त्याच्या मनात काहीतरी असतं.”

हे बोलताना त्याचा चेहरा इतका गंभीर असे की लोक मान डोलावून पुढे सरकत.

त्या वर्षी तपासणीच्या रांगेत आठवी होती हेस्टर नेल. वेसलच्या शेजारच्याच फार्मची मालकीण, सहासष्ट वर्षांची, आणि खरं सांगायचं तर सगळ्या जिल्ह्यात तिच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. तिने रायफल टेबलावर ठेवली. नळीच्या पुढे वीतभर लांब, काळा, जाड सायलेन्सर चढवलेला.

“हे काय आहे?” वेसलने विचारलं.

“चष्मा पुस आणि बघ.”

“सायलेन्सर आहे.”

“शाबास. तुझे डोळे शाबूत आहेत. माझे कान नाहीत.” तिने खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याच्यापुढे टाकला. “डावा गेला. उजवा निम्मा उरलाय. डॉक्टर म्हणतो, उघड्या नळीने आणखी एक मोसम खेळलात तर तोही जाईल.”

“मग कानात बोळे घाल, वरून कान झाकणारे मफ चढव.”

“दोन्ही घालून बघितलं. कान वाचतो, पण थाळी ऐकू येत नाही.”

यावर रांगेतल्या सगळ्यांनी समोरच्या टेकडीकडे पाहिलं, कारण थाळी म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नऊशे मीटरवर, त्या टेकडीच्या पायथ्याशी साखळीला टांगलेली लोखंडी थाळी. गोळी सुटते, मग काहीच होत नाही, माणूस श्वास धरून पडून राहतो, आणि चार सेकंदांनी दरीतून तिचं उत्तर येतं: टंग. चषक काय, तो एकालाच मिळतो आणि वर्षभर कपाटात धूळ खातो. बाकीची सगळी माणसं मैलोन्मैल गाडी हाकून येतात ती त्या टंगासाठी. हेस्टर तर अठ्ठावीस वर्षं येत होती.

क्लबाचा अध्यक्ष टर्शियस मध्ये पडला. चाळिशीचा, सगळ्यांना सांभाळून घेणारा, थोरांना ‘टानी’ म्हणजे मावशी आणि ‘ऊम’ म्हणजे काका म्हणणारा गडी. “टानी हेस्टर, गोळी लागली की मी हिरवं निशाण दाखवीन. अगदी लगेच.”

“निशाणं बघायला मी काय स्टेशनमास्तर आहे?” हेस्टर म्हणाली.

वेसलने कागदाची घडी जशीच्या तशी परत केली. मनातून त्याला वाईट वाटलं होतं. पण सातव्या नियमाला हात लावायचा म्हणजे तो का झाला हे बोलणं आलं, आणि ते बोलणं निघालं की वेसल विषय बदले.

“नियम म्हणजे नियम, हेस्टर.”

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग रायफल उचलली. “बरं तर. तुम्ही उडवा बार, मी रांधते.”

पिकअपचं मागचं फळकूट खाली पाडून तिने आतून एक जड वस्तू ओढून काढली आणि शेकोटीशेजारी ठेवली. नांगराची जुनी लोखंडी थाळी होती ती, तीन पाय वेल्डिंगने जोडलेली, मधलं भोक बुजवलेलं. तिकडे घरोघर अशा थाळीवर सॉसेज आणि अंडी तळतात, त्यात नवल काही नव्हतं. पण या थाळीच्या आतल्या बाजूला, डाव्या काठाला अगदी लागून, अंगठ्याएवढा एक खड्डा होता.

वेसलच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

*

ती हकिगत अकरा वर्षांपूर्वीची. त्या शनिवारच्या स्पर्धेत वेसल शेवटच्या गोळीला चुकला आणि चषक हेस्टरने नेला. चुकला तोही बोटभर अंतराने. रात्रभर तो कुशी बदलत राहिला. सकाळी उठला तर वाऱ्याचा मागमूस नाही, दरी अशी निश्चल की मेंढीच्या गळ्यातली घंटा मैलावरून ऐकू यावी. आणि नेमका रविवार.

डोरिंगनेकमध्ये रविवारी बंदूक उचलत नाहीत. उचलत नाहीत म्हणजे नाहीच. त्या दिवशी कोल्हासुद्धा निर्धास्त फिरतो. वेसलने काळा कोट चढवला, पंचांचा पांढरा टाय बांधला, आणि गाडीत बसता बसता एकदम कंबरेला हात लावून कण्हला.

“लचक भरली,” तो बायकोला म्हणाला. “तू हो पुढे, आन्सी. माझ्यासाठी प्रार्थना कर.”

गाडी वळणापल्याड जाईपर्यंत तो कण्हत राहिला. मग पंधरा मिनिटांत त्याच काळ्या कोटात, त्याच पांढऱ्या टायमध्ये, तो फार्मच्या उंचवट्यावर पोटावर आडवा पडला होता. रायफलीला सायलेन्सर होता, गावात चर्चमध्ये बसलेल्यांना चाहूल लागायचं कारण नव्हतं. एकच गोळी मारायची होती त्याला. काल चूक कुणाची होती, रायफलीची की वाऱ्याची, एवढंच बघायचं होतं. आपली असेल हा विचार त्याला शिवलाही नाही.

रायफल नुसती ‘फस्’ म्हणाली. वेसल स्वतःच्या हुशारीवर खूश झाला. आणि चार सेकंदांनी थाळी वाजली.

चाळीस वर्षं नेम धरणारा हा माणूस, पण बंदुकीचं तोंड बांधलं तरी थाळीचं तोंड मोकळंच राहतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. टंग असा ताणून, निवांतपणे दरीभर पसरला, गावावर गेला, चर्चच्या उघड्या खिडक्यांतून आत शिरला. तिथे चर्चचे धर्मगुरू, डोमिनी रूल्फ, त्या क्षणी नेमके चौथ्या आज्ञेवर, शब्बाथाच्या म्हणजे रविवारच्या विश्रांतीवर बोलत होते. सगळ्यांत म्हाताऱ्या लेनी आजींना वाटलं, घंटा झाली, सुटलं एकदाचं. त्या तोंडातली पेपरमिंट रुमालात गुंडाळून उभ्यासुद्धा राहिल्या.

इकडे वेसल मान वर करतो न करतो तोच डोक्यावरच्या मोकळ्या आभाळात चाबूक कडाडावा तसा आवाज झाला आणि थाळी दुसऱ्यांदा वाजली. मग तिसऱ्यांदा. तो तर रायफलीच्या घोड्यावरून बोट काढून जमिनीला चिकटला होता. माळावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. एरवी असा कडाडा ऐकून त्याने डोळे मिटून सांगितलं असतं, कुठली गोळी आणि कुठून आली ती. पण चोराच्या मनात चांदणं. ज्येष्ठ पंच, अंगावर चर्चचा कोट, रविवार, आणि वरून कडाडून आलेले दोन टोले: वेसलने एका क्षणात ताडलं की हे प्रत्यक्ष देवाचं उत्तर आहे. रायफल तिथेच टाकून तो गुडघ्यांवर घरापर्यंत गेला.

आन्सी परत आली तेव्हा तो पलंगावर पडला होता. कोटाच्या पोटावर लाल माती होती. तिने काही विचारलं नाही. कोट झटकला, आणि कंबरेला मोहरीचा लेप लावला, नेहमीपेक्षा चांगला दुप्पट जाड. वेसल दोन दिवस पालथा झोपला.

पुढे चर्चने चौकशी समिती नेमली आणि तिच्यावर अध्यक्ष म्हणून नेमलं सर्वांत विश्वासू माणसाला, म्हणजे वेसललाच. त्याने कसून चौकशी केली. थाळी ‘अपवित्र झाली’ म्हणून काढून गावाबाहेरच्या कचऱ्यात फेकायला लावली. गुन्हेगार सापडत नाही, पण बार ऐकू आला नाही त्या अर्थी सायलेन्सर होता, असा निष्कर्ष काढला, आणि क्लबाला सातवा नियम घालून दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली ती अशी. त्या दिवसापासून वेसल दर रविवारी पहिल्या बाकावर बसू लागला आणि डोमिनी वर बोट दाखवून काही म्हणाले की मान आत ओढू लागला.

*

स्पर्धेतल्या त्याच्या दहाही गोळ्या त्या दिवशी वाया गेल्या. प्रत्येक वेळी दुर्बिणीत थाळीऐवजी तो अंगठ्याएवढा खड्डाच दिसे.

दुपारी सगळे शेकोटीभोवती जमले. हेस्टरने वेसलला स्वतः वाढलं. थाळीवर सॉसेजं चरचरत होती, त्यांच्या मधोमध एक अंडं, आणि त्याचा बलक बरोब्बर खड्ड्यात.

“घे ना. तुझ्यासाठीच तळलंय,” ती म्हणाली. “या खड्ड्यात बलक कसा छान बसतो बघ, हलत नाही.”

“कुठे मिळाली ही थाळी?” वेसलने घसा खाकरून विचारलं.

“कचऱ्यात. अकरा वर्षं झाली. कुणीतरी फार घाईने फेकली होती.”

“जुनं लोखंड चांगलं नसतं पोटाला.”

“मनाला मात्र बरं असतं.” तिने त्याच्या ताटलीत आणखी एक सॉसेज टाकलं. “तुझ्या कंबरेचं काय रे? लचक भरते का अजून कधी रविवारची?”

वेसलला ठसका लागला. टर्शियस पाठ चोळू लागला आणि म्हणाला, “ऊम वेसल, सावकाश!”

जेवण झालं आणि तिथेच, शेकोटीभोवतीच्या खुर्च्यांत, वार्षिक सभा सुरू झाली. डोमिनी रूल्फ आता निवृत्त झाले होते, ब्याऐंशी वर्षांचे, पण सभेची प्रार्थना त्यांचीच. आमेन होताच टर्शियसने विचारलं, कुणाला काही मांडायचंय का.

हेस्टर उठली. वेसलला वाटलं, आता ही सातवा नियम काढा म्हणणार. त्याने उत्तर तयार ठेवलं होतं, सकाळपासून चौथ्यांदा घोकलं होतं.

“मला नियमाबद्दल काही म्हणायचं नाही,” हेस्टर म्हणाली. “नियम म्हणजे नियम, असं आपले तपासनीस सांगतात. माझी सूचना एवढीच, की ज्या रविवारमुळे हा नियम झाला, त्याची चौकशी पुन्हा उघडावी. पुरावा हाती आलाय असं मला वाटतं.”

शेकोटीभोवती कुजबूज झाली. डोमिनी रूल्फ खुर्चीत पुढे सरकले, त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली.

“तीन टोले!” ते म्हणाले. “माझ्या डायरीत आहेत. मी विश्रांतीवर बोलतोय आणि टंग! मी थांबलो. पुन्हा सुरू केलं, टंग! तिसऱ्या टोल्याला अर्धी मंडळी हसत होती. सदतीस वर्षांत माझ्या प्रवचनाला लोक फक्त तेव्हा हसले. मरण्याआधी त्या माणसाला एकदा बघायचंय मला. उघडा चौकशी! वेसल, तूच घे पुन्हा हातात.”

“हो, तोच योग्य माणूस,” हेस्टर म्हणाली. “सगळी माहिती आहे त्याला.”

“काही लागलं तर सांगा,” मागून आन्सी शांतपणे म्हणाली. “मोहरी आहे घरात भरपूर.”

वेसल उभा राहिला. आपण उभे का राहिलो हे त्याला कळलं नाही, पण सगळे बघत होते आणि थाळी हेस्टरच्या पायाशी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती झाकलेली ठेवायची तर एकच वाट होती.

“मित्रहो,” तो म्हणाला, “जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार? मी... मी बराच विचार केलाय. आज सकाळी एका जुन्या जाणत्या नेमबाजाला मी टेबलावरून परत पाठवलं. तिचा कान जातोय. देवाने दिलेला कान एका कागदापायी घालवायचा, हे मला रुचत नाही. नियम माणसासाठी असतो, माणूस नियमासाठी नसतो.”

“वेसल, बायबलात ते वाक्य शब्बाथाबद्दल आहे,” डोमिनी म्हणाले.

“तेच म्हणतोय मी, डोमिनी,” वेसल घाईने म्हणाला. “नियम सातवा रद्द करावा, असं मी सुचवतो. आजच. आत्ताच.”

क्षणभर कुणाचाच विश्वास बसला नाही. मग सगळे हात वर गेले, काहींचे दोन्ही. टर्शियसने नोंद केली आणि विचारलं, “टानी हेस्टर, तुमची चौकशीची सूचना?”

“मागे घेते,” हेस्टर म्हणाली. “सॉसेज करपतंय.”

डोमिनी रूल्फ तेवढे हिरमुसले आणि त्यांनी दुधाच्या टार्टचा दुसरा तुकडा मागितला.

*

ऊन कलल्यावर हेस्टरसाठी टेकडीखालची निशाणाची थाळी पुन्हा रंगवून टांगली. निकाल लागून गेला होता, चषक भलत्यालाच गेला होता, पण माळावरून एकही पिकअप हलली नाही. हेस्टर सतरंजीवर पोटावर पडली. शेजारी दुर्बीण लावून वारा सांगायला वेसल बसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तोच जाऊन बसला. तिने कानात एक छोटा बोळा घातला, मफ बाजूला ठेवले.

“डावीकडून, अगदी हलका,” वेसल म्हणाला.

रायफल ‘फस्’ म्हणाली. हेस्टरने डोळे मिटून घेतले. एक, दोन, तीन, चार.

टंग.

ती तशीच पडून राहिली, गाल रायफलीच्या लाकडावर टेकवून, आणि थाळीचा आवाज पूर्ण विरेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, “आली रे आली. दोन वर्षांनी आली.”

वेसलला फार लाज वाटली. आपलं पाप झाकायला आपण एक नियम लिहिला आणि त्या नियमाने या बाईचा हा आवाज काढून घेतला होता. सकाळी तो कागद आपण उघडूनसुद्धा न बघता परत केला, हे त्याला आठवलं. माणसं पांगेपर्यंत तो थांबला.

“हेस्टर, ती गोळी माझी होती.”

“ठाऊक आहे. माझ्या ओसरीवरून तुझा उंचवटा सरळ दिसतो. माझंही त्या दिवशी डोकं दुखत होतं, चर्चला नव्हते गेले. दुर्बिणीतून बघते तर काळा कोट, पांढरा टाय, आणि आपले पंचसाहेब पालथे.”

“पण शपथेवर सांगतो, मी एकच मारली. टोले तीन झाले. बाकीचे दोन माझे नव्हते, हेस्टर. ते वरून आले.” त्याने बोट आभाळाकडे केलं आणि आवाज खाली आणला. “आजवर कुणालाही सांगितलं नाही मी. आन्सीलाही नाही.”

हेस्टर त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिला कळेना, आणि कळलं तेव्हा ती सतरंजीवर बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“अकरा वर्षं?” ती म्हणाली. “पहिल्या बाकावर बसतोस तो यामुळे? अरे माझ्या बाबा! चल इकडे.”

शेकोटी विझत आली होती, तळायची थाळी गार झाली होती. हेस्टरने तिचे पाय धरून ती उलटी केली आणि ओल्या फडक्यात वाळू घेऊन पाठीवरची काजळी खसखसून घासली. बुजवलेल्या भोकाच्या दोन्ही अंगांना, बोटभर अंतर सोडून, दोन खड्डे उघडे झाले. दोन्ही अगदी मधोमध.

“तुझी गोळी काठाला घासून गेली आणि थाळी साखळीवर गर्रकन फिरली,” ती म्हणाली. “पाठ माझ्याकडे झाली. तू इतका खूश दिसलास की मला राहवलंच नाही. ओसरीवरूनच मारल्या, सायलेन्सर लावून. अकराशे मीटर.”

“म्हणजे सभेत तू... चौकशी उघडा म्हणत होतीस, आणि ती उघडली असती तर तूही...”

“मग! थाळी उलटी करून दाखवायला मी काय वेडी होते?”

वेसलने वाकून त्या दोन खड्ड्यांकडे पाहिलं. देवाची भीती त्याच्या मानेवरून उतरली, आणि तिच्या जागी सुटकेपेक्षा जास्त जुनी चीड आली, अकरा वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारचीच.

“आणि काय रे,” हेस्टर फडकं पिळत म्हणाली, “देवानेच मारायची म्हटली असती, तर त्याचं एका गोळीत भागलं नसतं?”

वेसलने करंगळी पुढे केली. आधी एका खड्ड्यातून फिरवली, मग दुसऱ्यातून. भुवया उंचावल्या.

“हं,” तो म्हणाला. आणि मग, “पास.”